वरच्या गावठाणातलं पहिलं लग्न

त्या वर्षी मी कादंबरी लिहीत होते, आणि पुढं जो घोळ झाला त्याचं मूळ तिथंच आहे. कादंबरी निर्वासितांची होती. एक मुलगा, एक मुलगी, दोघांचं गाव उठतं, तो एकीकडं जाऊन पडतो, ती दुसरीकडं, आणि मग शेवटच्या पानापर्यंत नुसती ताटातूट. आमच्या घरात सगळे नोकरदार. वडील कचेरीतून निवृत्त झालेले, नवरा विमा कंपनीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. यवतमाळात एकाच गल्लीत जन्मले, वाढले आणि दोन गल्ल्या सोडून लग्न होऊन गेले. गाव सोडणं म्हणजे काय हे मला काय कप्पाळ ठाऊक? पण लिहायची हौस दांडगी. नवरा चिडवायचा, "तुझ्या कादंबरीतली माणसं कधी जेवतात का गं, की नुसती रडतात?" मग मी त्याच्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाही.

अशात माझी बदली झाली ती नेमकी बुडणाऱ्या गावात. घाटंजीच्या अंगाला, नदीकाठी दीड-दोनशे घरांचं गाव. खाली धरण बांधून होत आलेलं, आणि वर्ष-दोन वर्षांत गाव पाण्याखाली जाणार हे ठरलेलं. घरचे म्हणाले, रद्द करून घे, एसटीनं रोजचा दीड तास जायला, दीड तास यायला. मी ऐकलं नाही. मला आनंदच झाला होता. आयतं कथानक हातात आलं होतं ना! आज हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता आनंद, खोटं कशाला सांगू.

कापसाचे फार वाईट दिवस होते ते. अळीनं अर्धी बोंडं खाल्लेली, आणि उरल्याला भाव नाही. आज ना उद्या भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. ओसरीत कापूस, आतल्या खोलीत कापूस, पलंगाखाली कापूस. पालकांना भेटायला गेलं की मला कापसाच्या ढिगावरच बसवायचे आणि तिथंच चहा द्यायचे. शाळेत पोरं दिवसभर अंग खाजवायची. आणि अशा भरलेल्या घरांना सांगितलं जात होतं की बाबांनो, उठा.

उठून जायचं होतं दोन ठिकाणी, कारण एवढ्या घरांना पुरेल अशी सलग जागा मिळाली नव्हती. एक नवं गावठाण टेकाडावर, त्याला सगळे 'वरचं' म्हणायचे. दुसरं डांबरी रस्त्याला लागून, ते 'सडकेवरचं'. दोन्हींच्या मध्ये पाच-सहा किलोमीटर रान. गाव मधोमध चिरलं जाणार होतं, आणि पारावर रोज त्यावरून रडारड नि शिवीगाळ चालायची. एकदा मी तिथल्या एका म्हाताऱ्यांना सहानुभूतीनं म्हटलं, "तुम्ही तर निर्वासितच झालात हो." ते मारुतीची दिवाबत्ती करायचे. माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "आमी आतं इथंच बसून हाओत ना बाई. तुमी कायले घाई करून राह्यल्या?" मला ते उद्धट वाटलं होतं.

शाळेत पोरांची खिचडी शिजवायला एक मुलगी यायची. विशीची असेल. दहावी झालेली, हुशार, पुढं शिकवायला बापाजवळ काही नव्हतं. तांदूळ निवडताना माझ्याशी गप्पा मारायची. मला ती फार आवडायची, आणि खरं सांगते, तिचं बोलणं मी घरी येऊन वहीत उतरवूनही घ्यायची. एक दिवस तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू? कोनाले सांगसान नाई ना?"

गावात एक मुलगा होता, बापाची शेती करायचा आणि लोकांचे फवारणीचे पंप दुरुस्त करून द्यायचा. त्याच्यात आणि हिच्यात तीन वर्षांपासून होतं. मी म्हटलं, "मग अडचण काय? जातीबाहेरचा आहे का?" तर नाही, जात एकच होती. कुळं वेगळी होती. मुलगा निर्व्यसनी होता. मला वाटलं, घरच्यांना अजून ठाऊक नसल्यानं घाबरते आहे पोरगी.

ती म्हणाली, "मॅडम, कोनी कोनत्या गावठानात जाईन त्याचे फारम तुमीच भरनार हाओ ना? तं आमचं अन् त्याईचं..."

मला माणसांचं वाक्य अर्ध्यात तोडायची खोड आहे. माझी आई त्यापायी मला बोलायची, नवरा अजून बोलतो. मला वाटतं, पुढचं मला कळलंच आहे, मग वेळ कशाला घालवायचा? मी तिला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "काही काळजी करू नको. मी बघते."

"तुमाले समजलं ना मॅडम?"

"अगं, समजलं म्हणते ना! एवढंही समजू नये का मला?"

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पुन्हा सूप घेतलं. मी त्या रात्री वहीची चार पानं लिहून काढली.

जनगणना असो, निवडणूक असो, गावातल्या म्हशी मोजायच्या असोत, सगळं मास्तरांच्या गळ्यात. हे फॉर्म भरायचं कामही तसंच आमच्या शाळेवर आलं. घरोघर जायचं, माणसं लिहायची, आणि एका रकान्यात पसंतीचं गावठाण लिहून सही नाहीतर अंगठा घ्यायचा. बहुतेकांचं भाऊबंदांशी बोलून आधीच ठरलेलं होतं. खिचडीवाल्या मुलीच्या वडिलांनी 'वरचं' सांगितलं. त्यांचं शेत बुडीतातून वाचलं होतं आणि ते टेकाडाच्या बाजूला होतं. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेले. तो नव्हता. कापसाची बैलबंडी घेऊन खरेदी केंद्रावर गेला होता आणि तीन दिवसांपासून तिथंच रांगेत उभा होता. त्या वर्षी तसंच चालायचं. बैलांना तिथंच चारा, माणसांनी बंडीखाली झोपायचं. घरात फक्त वडील होते.

"कुठलं गावठाण लिहू, काका?"

"पोरगा म्हनत होता, सडकेवरचं लिवा म्हना."

म्हणजे ही वर आणि तो सडकेला! मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. "अहो, सडकेवर काय आहे?" मी म्हटलं. "दिवसभर ट्रकची धूळ खायची. वर मोकळी हवा आहे. पाण्याची टाकी होणार आहे."

"पन त्यानं दोनदा बजावून सांगतलं जी. पंपाच्या दुकानाचं असन त्याचं काई."

"दुकान वरही चालेल. मला विचाराल तर वरचंच घ्या."

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "तुमी शिकल्या-सवरल्या बाया. तुमी म्हंता तं चांगलंच असन. टाका मंग."

मी 'वरचे' असं लिहिलं, आणि शाईची डबी उघडून त्यांचा अंगठा घेतला. परतीच्या एसटीत मी इतकी खुशीत होते की कंडक्टरनं सुट्या पैशांवरून कटकट केली तरी चिडले नाही. कादंबरीत जे मला दोन जिवांसाठी करता येत नव्हतं, ते मी प्रत्यक्षात करून दाखवलं होतं. असलं सगळं माझ्या डोक्यात चाललेलं.

महिन्याभरात याद्या मंजूर होऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्या. मी चौथीला गणित शिकवत होते. ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, जरा भाईर या ना."

मी हसत-हसतच बाहेर आले. तिनं विचारलं, "त्याईचं नाव वरच्यात कसं काय आलं?"

"मी लिहिलं. तुझ्यासाठी."

"माह्यासाठी?"

"अगं, त्याचे वडील सडकेवरचं म्हणत होते. मीच समजावलं त्यांना. आता एका गावात राहाल, समोरासमोर."

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, एका गावातल्या गावात कोनी सोयरीक करते काय?"

आणि तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. त्या गावात गावातल्या गावात आजवर एकही लग्न झालेलं नव्हतं. जात एक असो, कुळ वेगळं असो, गावची पोर ती गावच्या सगळ्या पोरांची बहीण. नवरदेव यायचा तो दुसऱ्या गावाहून, स्वतःच्या गावच्या मारुतीला नारळ फोडून, आणि या गावच्या मारुतीपाशी त्याला उतरवून घ्यायचे. ज्याचा मारुती तोच आपला मारुती, त्याला उतरवून घ्यायचं कुठं? तीन वर्षं दोघं गप्प बसली होती ती यासाठी. आणि मग धरण पुरं होत आलं. गावाची दोन गावं होणार असं ठरलं. दिवाबत्तीवाल्या म्हाताऱ्यांनीच एकदा पारावर बोलून दाखवलं होतं की आता सडकेवरच्यांचा मारुती वेगळा बसेल, आता आपसात सोयरिकी व्हायलाही हरकत नाही. ते तिनं पाण्याला जाता-जाता ऐकलं होतं.

"सारं गाव धरनाले शिव्या देऊन राह्यलं होतं मॅडम," ती म्हणाली, "अन् म्या एकली हात जोडत होती. म्हनलं, येऊ दे पानी. फाटू दे गाव. तुमाले म्या सांगाले आलती. तुमी म्हनलं, समजलं."

ती रडतही नव्हती. आत खिचडी लागल्याचा वास आला तशी उठली आणि पातेलं उतरवायला गेली. मी वर्गात जाऊन फळ्यासमोर उभी राहिले, आणि पोरांना उगाचच खूप रागावले.

पुढचे दोन महिने मी वेड्यासारखी हिंडले. पुनर्वसनाच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून सरळ माणूस होता. म्हणाला, यादी मंजूर झाली, आता बदल नाही. मात्र सडकेवरचं एखादं कुटुंब वर जायला तयार असेल तर अदलाबदलीचा अर्ज घेतो. मी सडकेवरच्या यादीतली घरं एक-एक करून पालथी घातली. एक जण कबूल झाला. मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. तेवढ्यात वरच्या गावठाणात बोअर मारली आणि दोनशे फुटांवरही नुसती पांढरी भुकटी निघाली. दुसऱ्या दिवशी तो मला रस्त्यात पाहून गल्लीत वळला. मग कोण वर जायला तयार होतंय?

शेवटी मी मारुतीच्या पारावर गेले आणि त्या म्हाताऱ्यांशी भांडले. होय, भांडलेच. नावं घेतली नाहीत, पण त्यांना कळलं असावं. म्हटलं, "तुम्ही जुना मारुती इथून उचलणार, नव्या जागी बसवणार. दगड हलतो, मग रीत काहून हलत नाही?" चिडले की माझ्याही तोंडात वऱ्हाडी येते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मारुतीले कायले मधात घेता बाई? तो बापडा ब्रह्मचारी. त्याले कोनाच्या लग्नाचं काई नाई." मग म्हणाले, "आमच्या पोरी एकट्या वावरात जाते. एकट्या नदीवर जाते. सांजीले उशिरा येते. कोनी बोट दाखवत नाई. काहून? तं गावातला हरेक पोरगा भाऊ असते तिचा. उद्या या गल्लीतली पोरगी त्या गल्लीत द्याले लागलो, तं मंग बाकीच्या पोरीईनं कसं हिंडावं? घर चाललं, वावर चाललं, नदी बी चालली आमची. हे येवढंच बरोबर नेऊन राह्यलो. हे बी टाकून जाव म्हंता?"

तोच माणूस दोन मारुती झाल्यावर त्या दोघांच्या लग्नात आनंदानं जेवला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. अडवलं त्यानं नव्हतं. मी अडवलं होतं, माझ्या अक्षरात.

मुलगा मला एकदाच भेटला, शाळेच्या फाटकापाशी. मी वाटच बघत होते की हा काहीतरी लागेल असं बोलेल. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, एक डाव मले तं इचारलं असतं. चार दिवसांत रांगेतून आलोच असतो." मी त्याला म्हटलं, पळून जा दोघं, नागपूरला माझी ओळख आहे, मी सोय करते. त्यानं तिला ते विचारलंही. ती नाही म्हणाली. मला सांगताना तिचा आवाज स्थिर होता. "माही लहान बहीन हाय. नव्या गावात पहिल्याच साली आमच्या घराचं नाव असं झालं, तं तिले कोन करीन? मायबापानं कोठं तोंड लपवाव? जुनं गाव असतं तं चार लोक सांभाळून घेते. तिथं तं सारेच नवे."

उन्हाळ्यात गाव उठलं. लोकांनी घरांची दारं, चौकटी, छपराचे कवेलू काढून नेले. कापूस शेवटी येईल त्या भावात विकला. माझ्या वहीत हे सगळं टिपायला हवं होतं, नाही का? एक ओळ लिहिली नाही. कादंबरीचे कागद मी नवऱ्याला सांगितलं माळ्यावर टाकून दे. त्यानं चिडवलं नाही, गुपचूप टाकून दिले.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा महागावकडचा, एका जिनिंगमध्ये पगारावर होता. तेव्हा शेतकऱ्याला पोरगी द्यायला शेतकरीच तयार नसायचा, त्यामुळे बापाला हे स्थळ म्हणजे लॉटरीच वाटलं. वरच्या गावठाणातलं ते पहिलंच लग्न. झाड म्हणून नव्हतं तिथं कुठं, म्हणून सगळ्या गावठाणावर जणू एकच मांडव घातलेला. मला मानानं पुढं खुर्ची दिली. तिनंच सांगितलं असावं.

मंगलाष्टकं झाली, विधी सुरू झाले. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठं आहे?" तिला सख्खा भाऊ नव्हता. चुलत-मावसभाऊ सडकेवरच्या गावठाणातून यायचे होते, ते अजून पोचले नव्हते. तिच्या वडिलांनी मांडवात नजर फिरवली. पंगतीचं पाणी भरत होता तो. घर समोरच होतं ना त्याचं. "ये रे बापा," ते म्हणाले, "तू काई परका हायस? गावचाच भाऊ."

त्यानं बादली खाली ठेवली. हात पँटला पुसले. माणसांमधून वाट काढत पुढं आला आणि नवरदेवामागं उभा राहिला. बायका ओरडल्या, "जोरानं पिळजो रे!" सगळे हसले. त्यानं कान पिळला. नवरदेव खोटं-खोटं कळवळला, आणखी हशा झाला, आणि रिवाजाप्रमाणे त्याला शर्ट-पँटचं कापड मिळालं. ती मुंडावळ्यांआड खाली बघत होती. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की थांबा, हे माझ्यामुळं होतंय, थांबा. मी उठले नाही. मूठभर अक्षता घामानं हातात चिकटल्या होत्या, त्या पदराला पुसल्या आणि बसून राहिले. नंतर जेवलेही.

चार वर्षांनी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो मला घाटंजीच्या बसस्टँडवर दिसला. माझी बदली तोवर दुसरीकडं झाली होती. हातात नवी पिशवी, अंगावर धुतलेला शर्ट. त्यानंच मला ओळखलं, पाया पडला.

"कुठं निघालास?"

"महागावकडं. बहिनीले आनाले. मुऱ्हाळी म्याच जातो दरसाली. तिच्या बापाले आतं परवास होत नाई."

मी त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. मला टोमणा मारतोय का हे बघत होते. टोमणा नव्हता.

"बरी आहे का ती?"

"बरी हाय. पोरगी झाली तिले. बोलाले लागली. मामा-मामा करत पायात येते." तो हसला. मग पिशवी उघडून त्या पोरीसाठी घेतलेला फ्रॉक मला दाखवला. लाल होता, टिकल्यांचा.

मला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "चूक माझी होती रे. तुम्हा दोघांचं मी..."

या वेळी वाक्य त्यानं तोडलं. इकडं-तिकडं बघितलं, एक पाऊल जवळ आला, आणि शाळेतल्या पोराला समजावतात तसा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, असं बोलाचं नाई आतं. बहीन हाय ते माही."